उपकार नको म्हणणाऱ्या आईसाठी

पत्र: ताई, नमस्कार. आम्ही बडोद्यात दांडिया बाजारात राहतो. आजोबांनी स्वतः बांधलेलं जुनं घर आहे. वरच्या दोन खोल्यांत आम्ही, खाली काका-काकू. आजी आधीच गेली होती, आजोबा २००९ साली गेले आणि बाबा दोन वर्षांपूर्वी. आत्या लग्न होऊन सुरतेला असते. आई पाच घरी पोळ्या करते, मी एका लॅबमध्ये रिसेप्शनवर आहे, धाकटा भाऊ एकोणीस वर्षांचा आहे, आयटीआय करतोय. मागच्या आठवड्यात काकांच्या वकिलाची नोटीस आली. बाबांनी हयातीत स्टॅम्पपेपरवर हक्क सोडला होता, पंधरा दिवसांत खोल्या रिकाम्या करा, असं त्यात आहे. आई जिथे पोळ्या करते त्यांतल्या एका घरचा मुलगा मोठ्या लॉ फर्ममध्ये वकील आहे. त्यांची फर्म गरजूंच्या काही केसेस फी न घेता चालवते, तुमचीही घेऊ, असं तो आपणहून म्हणाला. आई तयार नाही. ‘ज्यांच्या घरी पोळ्या लाटते त्यांचे उपकार डोक्यावर नकोत’ म्हणते. मामा म्हणतो, फुकट कोणी काही करत नाही, सह्या घेतील आणि घर जाईल. भावाचं म्हणणं, मंगळसूत्र गहाण ठेवू पण पैसे देऊनच वकील करू, तोच मन लावून लढेल. मी काय करू?
– एक मुलगी, दांडिया बाजार

उत्तर:

सगळ्यात आधी एक गोष्ट आईला आजच सांग. नोटिशीतले ते पंधरा दिवस काकांच्या वकिलाने लिहिलेत. कोर्टाने दिलेले नाहीत. वकिलाची नोटीस म्हणजे समोरच्याचं म्हणणं, तेवढंच. तिच्या जोरावर कोणी तुमचं सामान बाहेर काढू शकत नाही. तेव्हा सोळाव्या दिवशी काय होईल या धास्तीने झोप घालवू नका. खोल्या सोडू नका, ‘थोडे दिवस मामाकडे जाऊन राहू’ असंही करू नका. नोटिशीला उत्तर मात्र द्यायचं, लेखी द्यायचं आणि वकिलाकडूनच द्यायचं. गप्प राहिलात तर पुढे ते गप्प राहणंच तुमच्याविरुद्ध दाखवलं जाईल.

आता वकील कुठला, हा तुझा खरा प्रश्न. तुमच्या घरात तीन मतं आहेत आणि तिन्हींच्या मागे काही ना काही खरं आहे, म्हणून एकेकाशी बोलते.

भावापासून सुरुवात करू. मंगळसूत्र गहाण ठेवायचं नाही. तुझ्या आईकडे तिच्या नावाचं असं बहुधा तेवढंच सोनं असेल, आणि घराच्या वाटणीचा दावा वर्षानुवर्षं चालू शकतो. पहिल्या काही तारखांतच ते पैसे संपतील आणि पुढच्या तारखांना व्याज तेवढं उरेल. पैसे दिले की वकील मन लावून काम करतो, हा समजही सोडून द्यायला हवा. फी घेऊन तारखेला न फिरकणारे वकील या शहरात कोणी पाहिले नाहीत? वकील नीट काम करतो तो त्याच्या सवयीमुळे, आणि पक्षकार विचारत राहतो म्हणूनही. फी न देणाऱ्या पक्षकाराला विचारण्याचा अधिकार कमी नसतो. वकिलाचं कर्तव्य दोघांच्या बाबतीत सारखंच. तुम्ही सांगितलेलं गुप्त ठेवणं, तारखेला हजर राहणं, समोरच्या बाजूशी आतून हातमिळवणी न करणं, यात फुकट केस म्हणून कुठलीही सूट नाही. चुकला तर बार कौन्सिलकडे, म्हणजे वकिलांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेकडे, तक्रारही तशीच करता येते.

मामांना वाटणारी भीती अनाठायी म्हणणार नाही. गरिबाच्या सहीने गरिबाचं घर गेल्याच्या गोष्टी आपण सगळ्यांनी ऐकल्या आहेत. पण भीती नेमकी कशाची बाळगायची ते कळलं पाहिजे. वकिलाला कोर्टात उभं राहायला वकीलपत्र लागतं, त्यावर सही करावीच लागेल. कुलमुखत्यारपत्र मात्र द्यायचं नाही. त्याने तुमच्या वतीने घराचे व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतो, आणि तुमच्या केसला त्याची काही गरज नाही. कोऱ्या कागदावर, कोऱ्या स्टॅम्पवर सही नाही, मग समोर कोणीही असो. कागद इंग्रजीत किंवा गुजरातीत असणार. आईला गुजराती बोलता येत असलं तरी कायद्याची गुजराती वेगळी असते. प्रत्येक कागद तिला मराठीतून वाचून, समजावून मगच सही. आणि मामांना हेही सांग, की खटला जिंकला तर घरात हिस्सा घेईन असं ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलाला मनाई आहे. कोणी तसं सुचवलं तर उठून यायचं.

‘फुकट कोणी काही करत नाही’ याचंही उत्तर देते. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत एक कलम आहे, ४६ क्रमांकाचं. ज्याला वकिलाची खरी गरज आहे त्याला फी परवडत नसली तरी मदत मिळाली पाहिजे, आणि आपल्या ऐपतीप्रमाणे गरीब-पीडितांचं काम विनामूल्य करणं हे वकिलाचं समाजाप्रति सर्वांत मोठ्या कर्तव्यांपैकी एक आहे, असं ते सांगतं. अमुक इतके तास करा अशी सक्ती त्यात नाही, म्हणून बरेच जण ते विसरतात आणि काही फर्म मनापासून पाळतात. त्यांचा फायदाही असतो. मोठ्या फर्ममधले तरुण वकील वर्षानुवर्षं कंपन्यांचे करारनामेच वाचत असतात, अशा केसमुळे त्यांना कोर्टात उभं राहायला मिळतं. सीनियर ॲडव्होकेट (कोर्टाने ज्येष्ठ म्हणून मान दिलेले वकील) नेमण्याचे निकष सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली घालून दिले तेव्हा विनामूल्य केलेल्या कामाचाही विचार त्यात होता. फर्मचं नाव होतं, ते वेगळंच. यात गैर काही नाही. तुमचं काम चोख होत असेल तर त्यांना समाधान मिळो, अनुभव मिळो, नाव मिळो. फक्त तुझ्या आईचा फोटो, नाव, घरातलं भांडण हे त्यांच्या प्रसिद्धीसाठी वापरायचं नाही, हे पहिल्याच भेटीत सांगायचं. वकिलांना तशीही जाहिरात करायला परवानगी नाही.

आता तुझ्या आईकडे वळते. तिच्या बोलण्याला तुम्ही नुसता हट्ट समजत असाल तर थांबा. तिला जे दिसतंय ते तुम्हा दोघा भावंडांना दिसलेलं नाही.

समजा त्या मुलाने केस घेतली. दिवाळीत त्यांच्याकडे पाहुणे आले, चकल्या-अनारसे करायला जास्तीचं थांबावं लागलं. त्याचे पैसे आई मागेल? एरवी दरवर्षी शंभर-दोनशे वाढवून मागते, ते यंदा तोंडातून निघेल? ताप आला म्हणून दांडी मारायची असेल तर फोन करताना जीभ अडखळणार नाही? त्या घरची माणसं चांगलीच असतील, त्यांच्या मनातही येणार नाही. पण मागताना अडखळणार ती तुझी आई, आणि हे तिला आत्ताच कळतंय. शिवाय दिराने घराबाहेर काढायला नोटीस दिली, नवऱ्याने कुठल्या कागदावर सही केली होती, हे सगळं त्या स्वयंपाकघरात रोज कोणाच्या तरी नजरेत असणार. ‘काय झालं हो तुमच्या केसचं?’ असं कणीक मळताना पाहुण्यांसमोर कोणी विचारलं तर? पाच घरी काम करून तिने जे टिकवलंय ते पगारापेक्षा मोठं आहे. आपण कामाचे पैसे घेतो आणि कोणाचं देणं लागत नाही, हा तिचा मान आहे. तो सांभाळूनच पुढे जायचं.

म्हणून माझं मत असं. फर्मला होकार द्या, पण घर आणि केस वेगळे काढा. तो मुलगा स्वतः तुमचा वकील नको. फर्ममधला दुसरा कोणीतरी केस बघेल असं त्यालाच सांगायला सांगा, समजूतदार असेल तर त्याला लगेच पटेल. भेटी ऑफिसात व्हायच्या, वेळ ठरवून. त्यांच्या दिवाणखान्यात नाही आणि स्वयंपाकघराच्या दारातही नाही. केसची माहिती वकिलाने आईला किंवा तुला द्यायची, त्या घरातल्या कोणालाही नाही. अगदी त्याच्या आईलाही नाही. आणि तुझ्या आईने त्या घरी पगारवाढ, रजा, जास्तीच्या कामाचे पैसे हे सगळं पूर्वीसारखंच मागायचं. एवढं होऊनही तिला त्या घरी अवघडल्यासारखं वाटत असेल तर तिचा नकार मानायचा, कारण दुसरी वाटही तितकीच खरी आहे. ती वाट आता सांगते.

आपल्या राज्यघटनेत १९७६ साली ३९-अ हे कलम आलं: पैशाअभावी कोणी न्यायाला मुकू नये, म्हणून सरकारने मोफत कायदेशीर मदत द्यावी. त्यातून १९८७चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. त्याच्या बाराव्या कलमात ही मदत कोणाला मिळते त्याची यादी आहे. अनुसूचित जाती-जमाती, अपंग, कोठडीतली माणसं, कारखान्यातले कामगार, आपत्तीत सापडलेले, ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले. आणि स्त्रिया व मुलं. स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही. तुझी आई महिन्याला किती कमावते हा प्रश्नच येत नाही, तुझंही तसंच. भावाला स्वतंत्र मदत हवी असेल तर त्याचं उत्पन्न बघतील, तो अठराच्या पुढे गेला आहे.

सूरसागरासमोरच्या न्यायमंदिरातून जिल्हा कोर्ट दिवाळीपुऱ्याच्या नव्या इमारतीत गेलं, तिथे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची चौकशी करायची. अर्ज साधा असतो, तिथेच भरून देतात. आधी फोनवर विचारायचं तर १५१०० हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर आहे. प्राधिकरणाचा अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश असतो. पॅनलवरच्या, म्हणजे प्राधिकरणाच्या यादीतल्या, वकिलाला मानधन प्राधिकरण देतं. त्याने तुमच्याकडून चहापाण्यालाही पैसे घ्यायचे नाहीत, मागितले तर प्राधिकरणाच्या सचिवांना सांगायचं. आईला हे नीट समजाव: इथे कोणाचे आभार मानायचे नाहीत. रेशनच्या धान्यासारखा हा तिचा हक्क आहे.

मग मी फर्मकडे का झुकते? तुमचं भांडण कागदांचं आहे म्हणून. तो स्टॅम्पपेपर बघायला मागायचा, सिटी सर्व्हेचे जुने उतारे काढायचे, आजोबांच्या नावावरून पुढे कोणाची नोंद झाली ते शोधायचं, आत्याला सामील करून घ्यायचं, आणि हे सगळं चिकाटीने, एकामागून एक. चांगल्या फर्ममध्ये अशा कामाला माणसं असतात, आणि दोन डोकी एक कागद वाचतात. पॅनलच्या वकिलावर कामाचा ढीग असतो. काही जण फार तळमळीने करतात, मी पाहिलेत. काहींना तुमची फाइल तारखेच्या दिवशीच उघडायला वेळ मिळतो.

पण फर्ममध्ये एक उणीव असू शकते आणि ती थेट विचारायची: बडोद्याच्या कोर्टात उभं कोण राहणार? अहमदाबाद-मुंबईच्या मोठ्या कचेरीत करारनामे लिहिणारा हुशार मुलगा इथल्या दिवाणी कोर्टात गुजरातीत उलटतपासणी घेऊ शकेलच असं नाही. इथे रोज काम करणारा वकील ते सोबत घेणार असतील आणि त्याची फी फर्म देणार असेल तर उत्तम. उत्तर गुळमुळीत आलं, तर सरळ दिवाळीपुऱ्याला जा.

बाकी जे विचारायचं ते एका पत्रावर लिहून घ्या, फर्मच्या लेटरहेडवर. वकिलाची फी नाही हे ठीक, पण कोर्ट फी, नकला, टायपिंग, नोटरी, जाण्यायेण्याचा खर्च कोणाचा? प्राधिकरणाच्या मदतीत कोर्ट फी आणि असे खर्च धरलेले असतात. फर्मच्या ‘विनामूल्य’मध्ये ते असतीलच असं नाही आणि वाटणीच्या दाव्यात हा आकडा बोचू शकतो. खालच्या कोर्टात निकाल लागल्यावर काकांनी अपील केलं तर हेच लोक पुढे लढणार, की तिथे सोडणार? केस बघणारा वकील फर्म सोडून गेला तर फाइल कोणाकडे? काका किंवा त्यांच्याशी संबंधित कोणी या फर्मचा पक्षकार तर नाही ना? आणि पक्षकार नक्की कोण, आई एकटी की तुम्ही तिघं? हा शेवटचा प्रश्न लोक विचारतच नाहीत. वकील कुठला यावर मतं वेगळी असली, तरी घर सोडायचं नाही यावर आज तुमच्या तिघांचं एकमत आहे. उद्या भावाचं लग्न झालं, खोल्या विकायच्या की ठेवायच्या यावर मतं फुटली, तर वकील कोणाचं ऐकणार? मी तर म्हणेन, आईचं. पण ते लिहिलेलं असू दे. हे सगळं विचारल्याने कोणी चिडणार नाही, आणि चिडलाच तर पुढे त्रास देणारा माणूस आधीच कळला.

घराबद्दल थोडं, म्हणजे पहिल्या भेटीला जाताना हातात काही असेल. आजोबांनी स्वतःच्या कमाईतून बांधलं असेल आणि मृत्युपत्र केलं नसेल, तर १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने काका, आत्या आणि तुझे बाबा यांचा प्रत्येकी एक तृतीयांश. बाबांच्या वाट्याचे वारस तुम्ही तिघं, सारखे. आत्याचा हिस्सा काकांच्या नोटिशीत कुठेच नाही, हे तुझ्या लक्षात आलं का? बाबांच्या त्या स्टॅम्पपेपरबद्दल सांगायचं तर, इकडे ज्याला ‘हक कमी’ म्हणतात तो हक्क सोडल्याचा लेख शंभर रुपयांहून जास्त किमतीच्या स्थावरासाठी सब-रजिस्ट्रारकडे नोंदवलेला असावा लागतो, १९०८च्या नोंदणी कायद्याने. नुसत्या स्टॅम्पवर लिहून सही केल्याने हक्क सहसा जात नाही. काका त्याला कौटुंबिक वाटणीची टिपण म्हणून पुढे करतील, तो वाद वकील लढेल. त्या कागदाची प्रत मागणं हेच नोटिशीच्या उत्तरातलं पहिलं वाक्य असू दे.

काका-काकूंनी पाणी तोडलं, जिन्याला कुलूप घातलं, शिवीगाळ केली, तर वाट बघू नका. २००५चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा फक्त नवऱ्यापुरता नाही. सासरच्या घरात राहण्याचा हक्क विधवेलाही आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली प्रभा त्यागी प्रकरणात स्पष्ट केलं. २०१६च्या एका निकालानंतर तक्रार घरातल्या स्त्रियांविरुद्धही करता येते, म्हणजे काकूंविरुद्धही. संरक्षण अधिकारी त्यासाठी विनामूल्य मदत करतात. आईला घरातून काढू नये असा आदेश मॅजिस्ट्रेट देऊ शकतात. तेव्हा वरच्या दोन खोल्यांचं लाइट बिल, वेराबिल (घरपट्टीचं बिल), बाबांच्या आणि आजोबांच्या मृत्यूचे दाखले, आधारवरचा पत्ता, गॅसचं पुस्तक, तुमच्या दोघांचे शाळेचे दाखले, नोटीस आणि तिचं पाकीटसुद्धा (त्यावर तारखेचा शिक्का असतो) एका पिशवीत गोळा कर. सिटी सर्व्हे ऑफिसातून प्रॉपर्टी कार्ड काढ, तलाट्याकडून पेढीनामा (वारसांची वंशावळ). मूळ कागद कोणालाही द्यायचे नाहीत, वकिलालासुद्धा आत्ता झेरॉक्सच.

मध्येच कोणीतरी म्हणेल, घरातली गोष्ट आहे, लोक अदालतीत मिटवा. मिटत असेल तर चांगलंच. काका उद्याही खालीच राहणार आहेत. पण लोक अदालतीत झालेल्या तडजोडीवर अपील नसतं, ती दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखी बांधते. ‘पाच लाख घ्या आणि वाद संपवा’ असं कोणी म्हटलं, तर दांडिया बाजारातल्या त्या जागेचा आजचा भाव आधी विचारून घ्या, आणि सही दुसऱ्या दिवशी करू असं सांगून घरी या.

आत्याला फोन आईनेच करू दे, तू नको आणि मामा तर नकोच. काकांबद्दल तक्रार करायची नाही, फक्त नोटीस आल्याचं सांगायचं आणि त्या स्टॅम्पपेपरबद्दल तिला काही माहीत होतं का ते विचारायचं. सुरतेहून तिचं जे उत्तर येईल ते वकिलाकडे जायच्या आधी तुमच्याजवळ हवं. फर्मची भेट या आठवड्यात ठरव. आईला सोबत ने, तिच्याऐवजी जाऊ नकोस. आणि तिथे प्रश्न तिला विचारू दे. भेटीनंतर काही अडलं तर पुन्हा लिही.